पाठीवरचा तो पाय

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मला काही पटत नाही. हे लिहून झाल्यावरही पटणार नाही. मी जुनी मॅट्रिक आहे. लोकांचे असले अनुभव वाचते तेव्हा निम्म्यांना मनातल्या मनात सांगते, बाबांनो, रात्रीचं जरा हलकं जेवत जा. पण ही गोष्ट माझ्याच पाठीवर घडली, आणि तीही भर दुपारी. तेव्हा आता मी कोणाला सल्ला देऊ?

साल अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी. आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहायचो. आज तिथे बिल्डिंगांची रांग आहे, तेव्हा कालव्यापर्यंत द्राक्षबागा आणि मधे मधे ऊस होता. आमचं घर रस्त्याकडून पक्कं, मागच्या बाजूला मातीची पडवी. पडवीपुढे बुटका दगडी बांध आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. घरात माझे मिस्टर — सातपूरला कारखान्यात होते — दीर, सासूबाई आणि माझी धाकटी जाऊ सुमन. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो.

सुमन येण्याआधी त्या घराची डॉक्टर मी होते. कोणाला खोकला झाला, ज्येष्ठमध मीच उगाळायची. पोट दुखलं की ओवा-मीठ, पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप. पाठीसाठी तव्यावर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायची. आळीतल्या बायका पोरं घेऊन माझ्या दारात यायच्या. आत्याबाई सगळ्यांना सांगायच्या, “आमच्या थोरलीच्या हाताला गुण हाय.” एवढं ऐकलं की माझ्या दिवसभराच्या कष्टाचं सोनं व्हायचं.

मग चांदवडहून सुमन लग्न होऊन आली. आणि ती निघाली पायाळू.

आजच्या मुलांना सांगायला हवं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. झालं! कालव्यापासून रामवाडीपर्यंत ज्याची पाठ धरली तो आमच्या पडवीत येऊन पालथा पडायला लागला. सुमन पदर डोक्यावरून घ्यायची, उजवा पाय हलकेच तीनदा पाठीला लावायची, आणि लगेच वाकून त्या माणसाला नमस्कार करायची. थोरामोठ्यांना पाय लागला ना! म्हणजे बघा, लाथ मारायची आणि वर आशीर्वादही मिळवायचा. अशी सोय मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.

माझी वीट चुलीमागे पडून राहिली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

एकदा आमच्या ह्यांचीच पाठ धरली. मी वीट तापवत होते, तर आत्याबाईंनी सुमनला हाक मारली. ती बिचारी... हो, बिचारीच म्हणते, मलाही कळतं... ती म्हणाली, “नाय वो आत्याबाई, दादांना कसा पाय लावू?” आत्याबाईंनी ऐकलं नाही. तिने डोळे मिटून पाय लावला आणि आमचे हे ताडकन उठून बसले! वर माझ्या हातातल्या विटेकडे बघून हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मी तेव्हाच ठरवलं, जीव गेला तरी हिचा पाय माझ्या पाठीला लागू द्यायचा नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या भागात वाघ आल्याची बोंब झाली. वाघ म्हणजे बिबट्या, पण आमच्याकडे सगळे वाघच म्हणतात. कोणाचं कुत्रं गेलं, कोणाची शेळी. दूधवाला सांगायचा, कालव्याच्या कडेला पाणी पिताना पाहिला. संध्याकाळ झाली की आम्ही मागचं दार लावून घ्यायचो. दुपारची मात्र कोणी पर्वा करत नव्हतं.

सुमन माहेरी गेली होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. घर माझ्या एकटीच्या ताब्यात म्हणून मी खुशीत पडवी सारवायला काढली. अर्धीअधिक सारवून झाली, पाण्याची बादली सरकवायला वाकले, आणि कमरेत अशी कळ आली की श्वास अडकला. उसण! सरकत सरकत कोरड्या भागावर टाकलेल्या गोणपाटावर जाऊन पालथी पडले.

आत्याबाई धावत आल्या. “आगं, आता सुमन बी नाय घरात. चांदवडला कुणाला धाडू का?”

“काही नको,” मी म्हटलं. “विटेनं बरं वाटेल मला.”

“वीट तापवाया उठशील का पण तू?”

“मग बाम आणा.”

“लय हट्टी बाई,” असं पुटपुटत त्या दुकानाकडे गेल्या. पुढचं दार ओढून घेतल्याचा आवाज मी ऐकला. ऊस सळसळत होता. मान वळवता येत नव्हती, नाकासमोर गोणपाटाच्या सुतळ्या तेवढ्या दिसत होत्या. मी मनातल्या मनात सुमनला शिव्या घालत होते. तिचा काय दोष होता, विचारू नका.

आणि पाठीवर पाय पडला.

उजव्या अंगाला, मग डाव्या, मग बरोबर मधे, जिथे कळ होती तिथे. जड होता, पण खालून मऊ आणि गरम. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कमरेत ‘कट्’ झालं आणि कळ गेली. गेलीच! कोणी खिळा उपटून काढावा तशी.

मला बरं वाटायला हवं होतं, पण असा संताप आला म्हणता! एक दिवस आधीच टपकली आणि मला न विचारता पाय लावून मोकळी झाली. मी तशीच पालथी पडून म्हटलं, “कोणी बोलावलं होतं गं तुला? आता आलीच आहेस तर जा, चहा ठेव.”

ओल्या घोंगडीसारखा उग्र वास आला. मग लपलप, लपलप... कोणीतरी पाणी पीत होतं.

मी मान वळवली. आता वळत होती. माझ्या सारवणाच्या बादलीत तोंड घालून वाघ पाणी पीत होता. मला त्याची पाठ दिसत होती, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची. त्याने तोंड वर काढलं, मिशांवरून पाणी गळत होतं. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आपण शेजारणीकडे पाहतो तसं. आणि बांध ओलांडून उसात शिरला.



आत्याबाई बाम घेऊन आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. ओल्या सारवणात बांधापासून गोणपाटापर्यंत पावलं उमटली होती, गोणपाटापासून बादलीपर्यंत, आणि परत बांधापर्यंत. माझ्या पोलक्याच्या पाठीवर शेणमातीचे ठसे होते. आत्याबाईंनी ते बघितले, पावलावरची माती बोटाने उचलून कपाळाला लावली, आणि हात जोडले ते मला!

“वाघावर बसणारी ती, देवीच आली म्हणायची,” त्या म्हणाल्या. “थोरले, तुझं नशीब लय मोठं.”

मग काय! आळी लोटली. पावलांभोवती कोणीतरी रांगोळी काढली. बायका माझ्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. इतकी वर्षं लोकांनी सुमनच्या पायाचं कौतुक केलं, आज माझ्या पाठीचं चाललं होतं. खोटं कशाला बोलू, भीती कधीच पळाली होती. माणसाच्या पायाने बरी होणारी मी नव्हेच, मला बरं करायला वाघ यावा लागला! सुमनला हे कधी सांगते असं झालं होतं.

संध्याकाळी सगळे मागे पडवीत होते. मी एकटीच स्वयंपाकघरात आले, तर पुढच्या दारातून सुमन आत शिरली. हातात पिशवी, अंगावर एस.टी.ची धूळ. कोणाशी बोलली नव्हती, तिला कोणी काही सांगितलंही नव्हतं. आमच्याकडे तेव्हा फोन कुठला असायला! तिने पिशवी ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

“हे काय गं मधेच?” मी विचारलं.

“दुपारचा नमस्कार राहिला ना, ताई.”

माझ्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली.

ती म्हणाली, “जेवून जरा पडले होते. डोळा लागला. बघते तर तुम्ही गोणपाटावर पालथ्या. मी पाय लावला, तीनदा. खाली बघितलं तर पाय माझा दिसंना वो ताई... पन पाठ तुमचीच होती, गरम लागत होती. अन् तुम्ही रागावल्या. कोणी बोलावलं होतं म्हणाल्या. चहा ठेव म्हणाल्या. मी दचकून उठले ते तशीच स्टँडवर आले.”

चहाचं मी आत्याबाईंना सांगितलं नव्हतं. आळीत कोणालाच सांगितलं नव्हतं. वाघ सोडून तिथे ऐकायला दुसरं कोण होतं?

एवढं बोलून तिने माझ्या हातातली वाटी घेतली आणि खरंच चहाचं आधण ठेवलं.

अशा वेळी माणसाला काय वाटावं? भीती, नवल, काहीतरी. मला मत्सर वाटला. नुसता मत्सर. आयुष्यात एक चमत्कार माझ्या वाट्याला आला होता, एक वाघ, तोही हिचाच निघाला! आता ही पडवीत जाऊन हेच सांगणार. मग पार येवल्यापासून लोक गाड्या करून येणार, हिची आरती करणार, आणि मला विचारणार, बाई, त्या गोणपाटावर पडलेल्या त्या तुम्हीच का?

ती चहाचे कप घेऊन पडवीत निघाली. मी तिचा दंड धरला. “सुमन, बाहेर काय सांगणार आहेस तू?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, आमचे हे हसले त्या दिवसापासूनचं.

“मी काय सांगणार ताई?” ती म्हणाली. “मी तर चांदवडला होते.”

आणि बाहेर जाऊन रांगोळीतल्या पावलांना हात जोडून म्हणाली, “आमच्या ताईंचं पुण्यच मोठं.”

वाघ पुन्हा आमच्या आळीत दिसला नाही. मी पुष्कळ विचार केला. तहानेला होता, बादलीकडे निघाला, वाटेत मी आडवी, तुडवून गेला, वजनाने शीर सुटली. हे मला पटतं. हो, चक्क पटतं. सुमनला स्वप्न पडलं, योगायोग, तेही चालेल. पण चहा? त्याचं काय करू? डॉक्टरांना विचारलं, शिकलेल्या भाच्याला विचारलं. दोघांनीही विषय बदलला.

आत्याबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला थोरल्या सुनेच्या वाघाची गोष्ट सांगत राहिल्या. सुमन शेजारी बसून मान डोलवायची, एखादा तपशील चुकला तर दुरुस्तही करायची. कधी तोंडातून अक्षर नाही काढलं. तिच्या जागी मी असते तर त्याच संध्याकाळी कालव्यापर्यंत दवंडी पिटली असती. वाघ तिने मला देऊन टाकला, आणि त्या देण्यातसुद्धा माझ्या पुढे निघून गेली. माझं पोट अजून दुखतं ते त्यासाठी.

आता आम्ही दोघीच उरलो आहोत, एकाच घरात. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी बारीक अक्षर दिसत नाही. ती या वयात बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते... त्याचंही दुखतंच. हे छापून आलं की तीच मला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. इथवर आली की थांबेल आणि विचारेल, “कशाला लिहिलंत, ताई?” मी म्हणेन, “आता वाचलंच आहेस तर जा, चहा ठेव.”