आईचा उजवा डोळा आणि ती आंघोळ

‘एन्डॉफ्थॅल्मायटिस,’ डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळ्याच्या आत पसरलेलं इन्फेक्शन. मग त्यांनी मला विचारलं, ‘ऑपरेशननंतर यांनी डोक्यावरून आंघोळ केली होती का?’

मी हो म्हटलं. पाणी कुणी घातलं ते सांगितलं नाही.

आई शिरवण्याची. जन्मभर तिने मासळी विकली. कल्ल्यांचा रंग बघून मासा ताजा की शिळा ते ती लांबूनच ओळखायची. गेल्या वर्षी दोन गिऱ्हाइकांनी पापलेटं परत आणून दिली, तेव्हा कुठे ती डोळे दाखवायला तयार झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आधी उजवा, महिन्याने डावा असं ठरलं.

ऑपरेशनचं नाव फेकोइमल्सिफिकेशन. बारीक छेदातून गढूळ झालेलं भिंग फोडून काढतात आणि तिथे कृत्रिम लेन्स बसवतात. अर्ध्या तासात आई बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तर माझ्याकडे बघून म्हणते, ‘कवरी बारीक झालीस गो! जेवतेस का नाय?’ किती वर्षांनी तिने मला नीट बघितलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवस डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

सहाव्या दिवशी मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. आमच्याकडे मयत दारातून निघालं की घरच्या बायका डोक्यावरून पाणी घेतात. मागच्या अंगणात पिंप भरून ठेवलं होतं. आई पाटावर बसली आणि मला म्हणाली, ‘घाल पानी.’ मला डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवत होता. पण भोवती मामाकडच्या बायका उभ्या होत्या. अशा वेळी दवाखान्याचे नियम सांगायची मला लाज वाटली. आईने डोळ्यावर हात धरला होता, तेवढ्यावर समाधान मानून मी तांब्या उचलला.

दोन दिवसांनी डोळा लालभडक झाला. सुतकात कुठे दवाखाना, म्हणून तिने आणखी एक दिवस दुखणं अंगावर काढलं. मग डोळ्यात इंजेक्शनं दिली. मग व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला आतला गर काढून साफसफाई. नवी लेन्ससुद्धा काढावी लागली. आता उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो.

‘पाण्यामुळेच झालं असं खात्रीने नाही सांगता येणार,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण दुखायला लागलं त्याच दिवशी आणायला हवं होतं.’ पाण्याचं ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असेल. मला काही बरं वाटलं नाही.

तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर ओल्या टॉवेलने अंग पुसून द्या. चार बायका काय बोलतील ते बोलू द्या. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसू लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

आई डाव्या डोळ्याला आता कुणाला हात लावू देत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मात्र सांगते, ‘पोरगी नको नको करत होती, मीच आयकलं नाय. तिला कोनी बोल लावू नका.’

मी एकदाही नको म्हटलं नव्हतं. ते आईला माहीत आहे.