तमालेसच्या भांड्यातलं नाणं

मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमालेस करावेत तर दोन्या तोमासाने, असं त्या गल्लीतल्या बायका म्हणत. कांदेलारियाच्या सणाला तिच्या अंगणातली वाफ दिसली की माणसं ताटं घेऊनच येत. गेल्या वर्षी मात्र भांडं तळाशी करपलं आणि पाहुण्यांसमोर शोभा झाली.

"सून सकाळपासून फुगून बसली होती. मग कसे शिजतील?" तोमासा म्हणाली.

भांड्याजवळ कुणी रागावलं की तमालेस बिघडतात, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळ्यांनी माना डोलावल्या. सून ओदिलियाच्या नावाला तो बट्टा वर्षभर चिकटला.

यंदा तोमासाने सुनेला जवळ बसवून घेतलं.

"मक्याचं पीठ चरबीत फेट. हात दुखला तरी थांबू नकोस."

"किती वेळ, सासूबाई?"

तोमासा आपल्याच नादात. ओदिलियाने पुन्हा विचारलं.

"ओरडतेस कशाला? चिमूटभर पीठ पाण्यात टाक. तरंगलं की झालं."

मग तिने कणसाचं भिजवलेलं पान हातावर घेतलं, त्यावर पीठ पसरलं, मध्ये मिरचीच्या रश्श्यातलं मांस ठेवलं आणि कडा दुमडून पुडी केली. भांड्याच्या तळाशी पाणी आणि एक नाणं, वर जाळी, जाळीवर पुड्या उभ्या, त्यांवर ओलं फडकं.

"पाणी आहे तोवर नाणं खुळखुळतं. गप्प झालं की कडेने गरम पाणी ओतायचं. पुड्यांवर नाही हं!"

दोघी चुलीपाशी बसल्या. बऱ्याच वेळाने नाणं थांबलं. ओदिलियाने सासूकडे पाहिलं.

"बघ, कसं छान वाजतंय," तोमासा समाधानाने म्हणाली.

ओदिलियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षभराचं साठलेलं ओठांवर आलं. अंगणात बायका जमल्याच होत्या. पण ती मुकाट्याने उठली आणि किटलीतलं पाणी कडेने ओतलं. नाणं पुन्हा खुळखुळू लागलं.

तोमासाने किटलीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"थांबलं होतं?"

"आत्ताच."

तेवढ्यात शेजारीण फेलिपा दारात येऊन मोठ्याने म्हणाली, "काय गं ओदिलिया, यंदा तरी रागावली नाहीस ना?"

तोमासा ताडकन उठली. "गेल्या वर्षी तिच्या रागाने काही बिघडलं नव्हतं. मला नाणं ऐकू आलं नाही. कान गेलेत माझे."

तोमासाने आपला पाट सुनेकडे सरकवला.

"तू इथं बस. थांबलं की मला कोपराने ढोसायचं."

"जोरात?"

"गेल्या वर्षाचं उट्टं काढू नकोस म्हणजे झालं!"