ज्यांना ‘हात हललाय’ लिहिलं, त्यांच्या गावी

म्हसाच्या जत्रेला लोक बैल घ्यायला जातात, घोंगडी घ्यायला जातात. मी गेले होते माफी मागायला. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. डिजिटल कॅमेरा तेव्हा माझ्या पगारात बसत नव्हता आणि छत्तीस फोटोंचा रोल मी महिनाभर पुरवून वापरत असे.

आमचं तेव्हा एक फिरतं पाकीट होतं. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतची आठ हौशी माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. प्रत्येकाने आपला एक फोटो पाकिटात टाकायचा आणि त्याच्या मागे कोरा कागद जोडायचा. पाकीट पोस्टाने घरोघर फिरे आणि बाकीचे सात जण त्या कागदावर आपलं मत लिहीत. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात हातात पेन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाने मी सगळ्यांवर तुटून पडायचे.

वचक होता तो फक्त सापगावच्या जाधवसाहेबांचा. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझ्या अलिबागच्या फोटोवर त्यांनी पट्टी लावून बारीक रेघ मारली होती आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘क्षितिज डावीकडे उतरलंय. समुद्र सांडेल.’ दोन दिवस मी चिडले, तिसऱ्या दिवशी हसू आलं. तेव्हापासून माझा एकही समुद्र सांडलेला नाही.

पुढे एका फेरीत त्यांचा भात झोडणीचा फोटो आला. सगळाच अस्पष्ट. बाकीच्यांनी ‘वातावरण छान’ वगैरे लिहिलं होतं. मी लिहिलं, ‘हात हललाय. तुमच्यासारख्या मोजणीच्या माणसाला हे शोभत नाही.’ त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत साहेबांचे शेरे आले, फोटो आला नाही. त्यांची जागा रिकामी बघून मला चुटपुट लागली. शेवटी पत्र टाकलं: जत्रेला येतेय, बरोबर याल का? उत्तर बायकी अक्षरात आलं. ‘या. राहायला आमच्याकडे.’

नाशिकहून जाणाऱ्यांना एक सांगते. मुंबईच्या सगळ्या एसट्या शहापूर गावात शिरत नाहीत, काही हायवेवरच उतरवतात. कंडक्टरला आधीच विचारा. मी विचारलं नाही आणि पाठीवर कॅमेऱ्याची तिपाई घेऊन तंगडतोड केली. शहापूरच्या बाजारात पावशेर पेढे घेतले, शेअर रिक्षात चौथी म्हणून कोंबून घेतलं आणि दुपारी सापगावला पोचले.

साहेब ओट्यावरच बसले होते. उंच, काटक, शर्ट इस्त्रीचा. जाधवकाकूंनी चहा आणला. माझा कप काठोकाठ, साहेबांचा पेला अर्धा. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी चहा हिंदकळत होता.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. “साहेब, मला माहीत नव्हतं हो,” एवढंच तोंडातून निघालं.

“माफी मागाया आलाव काय?” साहेब हसले. “सात जनांत तुमी एकल्यांनीच खरं लिवलं.”

काकू आतून म्हणाल्या, “मी वर्षभर सांगत होते, हात हालतो, दाखवून या. माजं ऐकलं नाय. नाशिकच्या बाईनं लिवलं तेवा उठले नि ठाण्याला डाक्टरकडं गेले!”

डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. गोळ्या चालू होत्या.

“मग फोटो का थांबवलात?”

“टाकला तर हललेलाच टाकनार. नि आता समद्यांना कळलं का दया लिवतील. ‘अप्रतिम’ लिवतील. दयेवर मानूस शिकत नाय, बाई.”

रात्री तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, त्यामुळे काकूंचं माझ्याबद्दलचं मत सुधारलं.

सकाळी लवकर शहापूर स्टँडवरून मुरबाडची एसटी धरली. या मार्गावर गाड्या कमी, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. मुरबाडहून म्हसासाठी जत्रेच्या जादा गाड्या मिळतात. उतरल्यावर आधी धूळ भेटते, मग जत्रा. जिलेबीच्या कढया, घोंगड्यांचे ढीग आणि पुढे माळभर बैल. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. डोक्याला रुमाल बांधून जा, आणि पांढरे कपडे घरीच ठेवा.

मी फटाफट फोटो काढत सुटले. साहेबांचा कॅमेरा मात्र खांद्यावरच्या कापडी पिशवीत होता.

“उन्हाला पाठ करून समदेच काढतात,” ते मला म्हणाले. “हिकडून बघा. धूळ पेटल्यावानी दिसल.”

मी त्यांच्या जागी जाऊन पाहिलं. खरंच, बैलांच्या पायांत सोनं उडत होतं. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका राग आला, की मी भर जत्रेत ओरडले, “हे तुम्हाला दिसतं आणि तुम्ही पिशवी उघडत नाही? टाका फोटो पाकिटात. मी दया लिहिणार नाही. शब्द देते!”

बाजूचा बैलवाला बिचकला. “पेपरात छापनार काय गो?”

“नाय रे,” साहेब म्हणाले. “शिकतोय आमी.”

आणि त्यांनी पिशवी उघडली. बैलगाडीच्या चाकाला खांदा टेकवला, श्वास रोखला आणि तीन फोटो काढले. तेवढ्यात मी त्यांच्या कॅमेऱ्यावरच्या हातांचा फोटो घेतला. शटर मुद्दाम पाचशेवर ठेवलं, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, इतकं जलद की कंप दिसूच नये. मला ते हात फार आवडले होते.

पुढच्या फेरीत नाशिकला पाकीट आलं, त्यात साहेबांचा फोटो होता. पेटलेली धूळ, त्यात विरघळलेले बैल. सगळं हललेलं आणि सुंदर. कागदावर आधीच दोन ‘अप्रतिम’ होते. मी दोन दिवस पेन घेऊन बसले आणि शेवटी लिहिलं, ‘हललेलं चालेल, कापलेलं नाही. डावा बैल अर्धाच का? दोन पावलं मागे जायला हवं होतं.’ लिहिलेलं खोडलं नाही. मग साहेबांच्या हातांचा मी काढलेला फोटो पाकिटात टाकला.

फेरी पुरी व्हायला तीन महिने लागले. माझ्या फोटोमागच्या कागदावर कौतुकच कौतुक होतं: काय स्थैर्य, काय शांतता. सगळ्यात खाली पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं होती. ती मी आधी उभ्याने वाचली, मग खाली बसून.

‘हे हात माझे नाहीत. माझे थांबत नाहीत. शटर पाचशेवर होतं ना? पंधरावर ठेवून पुन्हा काढा. मी बसतो.’