निळ्या सदऱ्याची हजेरी

जगात कोण आहे आणि कोण नाही, याची चौकशी देवाखालोखाल कुणी केली असेल, तर ती सोलापुरातल्या आमच्या घरमालकांनी. मिलमध्ये तीस वर्षं कामगारांची हजेरी घेऊन घरी बसलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मी सातवीत शाळा सोडून, घरी न सांगता वऱ्हाडातून पळून आलेला. त्यांनी खोली दिली, मागावर काम लावून दिलं, आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी दारावर काठी आपटून "हाईस का?" विचारलं. "हाय मामा" म्हटल्याशिवाय हलत नसत.

पेपर ते शेवटच्या पानाच्या तळापासून वर वाचत. कुठं स्फोट झाला की पहिल्या पानावर मंत्र्यांचा निषेध, घातपाताचा संशय, कसून तपास. "ह्ये मागल्या येळचंच हाय, गाव तेवढं बदललंय," म्हणून तो कागद डब्यांखाली घालत. जपत ते कोपऱ्यातल्या चार ओळी: ओळख न पटलेला मृतदेह, वय अमुक, अंगात तमुक. मग दर सोमवारी पेपरच्या कचेरीत जाऊन त्या माणसाचं पुढं काय झालं, असं विचारायचे. संपादक मागच्या दारानं चहाला पळत. एकदा सापडले, तर म्हणाले, बातमी शिळी झाली. मामा म्हणाले, "बातमी झाली. माणूस बी झाला का?"

कात्रणं भिंतीला डकवलेली. पहाटे एकेकाला हाक मारत. "पांढरं धोतर." थांबत. "पायात एकच चप्पल." पुन्हा थांबत. भिंतीपलीकडे मीही श्वास रोखून थांबे; कुणी ओ देऊ नये, एवढंच मागणं.

एका सकाळी काठी वाजलीच नाही. दार उघडलं, तर मामा उंबऱ्याशी कात्रण धरून उभे. वऱ्हाडातल्या एका स्टेशनात स्फोट. वय बावीसच्या आसपास, निळा सदरा, डाव्या अंगठ्याचं नख अर्धं. माझ्या अंगात निळा सदरा होता. नख लहानपणी विळ्यानं गेलेलं. मामांनी माझा अंगठा धरला तो बराच वेळ सोडला नाही.

"तू हाईस," ते म्हणाले. "पर ह्ये तुज्या घरी बी वाचलं असंल की."

मामा मला घरी तार करायला पोस्टात घेऊन गेले. मामांनीच माझं नाव घालून लिहिलं: मी आहे. तार गावी पोचली तेव्हा वडील प्रेत ओळखायला एसटीत बसले होते. धाकट्या भावानं धावत जाऊन गाडी थांबवली.

पण मग तो कोण होता? मामा अखेरपर्यंत विचारत राहिले. आता ते नाहीत. भिंत माझ्याकडं आली. हल्ली पेपर मीही तळापासून वाचतो. पहाटे हाक मारतो, "निळा सदरा." थांबतो. कुणी ओ देत नाही. मग मीच हळूच म्हणतो, "हाय मामा."