नळापाशी उगवलेलं झुडूप

नाचणगावातल्या आमच्या शाळेच्या बागेत, नळापाशी, एक झुडूप आपोआप उगवलं. पोरींनी तुळस समजून त्याला हळदकुंकू वाहिलं. मुख्याध्यापकांना ते निव्वळ तण वाटलं. औषधी बागेची पाहणी उद्यावर आलेली. आज नाव सांगा, नाहीतर उपटून टाका, असा त्यांचा हुकूम. मी विज्ञान शिकवते खरी, पण झाडांची ओळख मला प्रभाकरराव सरांनी करून दिलेली. म्हणून निवृत्त सरांनाच घरून घेऊन आले.

आम्ही शिकत होतो तेव्हा सर पुस्तक मिटून आम्हाला बागेत नेत. पान चुरगळायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि नाव सांगायचे. आम्हीही डोळे मिटून उभे राहायचो आणि कळल्याचा आव आणायचो. काय सुखाचे दिवस होते ते.

सरांनी पान चुरगळलं, नाकाशी धरलं. पुन्हा धरलं. मग हात खाली घेतला.

"मले वासच येत नाई, हर्षा. करोना झाला तवापासून."

"सांगितलं काऊन नाई, सर?"

"कोणाले सांगू? शोभा होती तवा तिले सांगत होतो."

शोभाकाकू, म्हणजे सरांची बायको, गेल्या वर्षी वारल्या. पान मला हुंगता आलं असतं, पण सरांसमोर मीच नाव सांगावं हे मनाला पटेना. तेवढ्यात सरांनी वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली. काळं बारीक बी निघालं.

"पेल्यात पाणी आन."

बी पाण्यात पडलं आणि बघता बघता फुगलं. प्रत्येक दाण्याभोवती पांढरट, बुळबुळीत थर चढला.

"तुळस नाई. सब्जा हाय," सर म्हणाले. मग नळाकडे बघतच राहिले. "खेळाच्या दिवसात शोभा तुमच्यासाठी सब्जाच्या सरबताचा गंज घेऊन यायची. उरलंसुरलं इथंच ओतून गंज विसळायची. त्याचंच बी पडत आलं असन."

मुख्याध्यापकांनी पाटीवर नाव लिहायला सांगितलं. झुडूप वाचलं. सरांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पेला उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं.

"फिक्कं हाय. ती लय साखर घालायची," म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.