हळदीच्या अंगानं उडवलेलं विमान

आमच्या टेंभी नाक्यावर माझ्या गप्पा ऐकायची एक रीत आहे. मी दहा सांगितले की आठ सोडून द्यायचे आणि उरलेल्या दोनांवरही जरा संशय घ्यायचा. ठाण्याच्या खाडीत मी मगरीला छत्रीनं हाकललं, ते तुमच्यापैकी कुणीतरी ऐकलं असेलच. मी नाकारत नाही. पण भुताखेतांच्या बाबतीत मी आयुष्यात एकही थाप मारलेली नाही, कारण त्यावर माझा विश्वासच नव्हता. गावात कुणी हडळीचं नाव काढलं की मी तिचा पत्ता विचारायचो. म्हणून आजचं मात्र पूर्ण घ्या... काही सोडू नका.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली. कल्याणच्या पलीकडे, नेवाळीच्या माळावर, युद्धाच्या वेळी बांधलेली विमानांची धावपट्टी होती. गोरे गेले, पट्टी राहिली, तिच्यावर म्हशी बसायला लागल्या. तिथंच कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं विमान असायचं — ठाण्यात गॅरेज असलेला माझा पारशी दोस्त रुसी आणि मी, दोघांत मिळून घेतलेलं. पंखांवर पंख असलेलं जुनं धूड. वर छप्पर नाही, एकामागे एक दोन सीटा. एकटा माणूस असला तर त्यानं मागच्या सीटवर बसायचं, पुढची रिकामी. बोलायला रबरी नळी. पुढच्यानं तिच्या तोंडात बोललं की मागच्याच्या टोपीत, थेट कानात ऐकू यायचं.

आम्ही आगरी. खाडीकाठी आमची मिठागरं होती, त्यामुळे बाकीची पोरं सायकलसाठी हट्ट करायची तेव्हा मी विमानासाठी केला आणि एकुलता एक असल्यामुळे तो पुरला. मुंबईला जाऊन शिकलो, लायसन्स काढलं. पण त्या वर्षीचा हिवाळा... काय सांगू. मार्गशीर्षापासून आभाळ खाली आलेलं. सकाळी उल्हास नदीवरून धुकं उठायचं आणि ते विरायच्या आत वरून ढग यायचे. रुसी आणि मी मोटारसायकलवरून माळावर जायचो, शेकोटी करून बसायचो, चहा प्यायचो, एकमेकांवर चिडायचो आणि परत यायचो. धुकं इतकं दाट की रुसीनं एकदा मोटारसायकल नुसती त्याला टेकवून ठेवली — पडली नाही.

इकडे माझं लग्न ठरलेलं. मुलगी कल्याणची, पारनाक्याची, नाव कुसुम. सासऱ्यांची अट एकच : अक्षता पडल्या की विमान बंद, मुलगी विधवा करायला देत नाही. मी हो म्हटलं. पण साखरपुड्यात कुसुम हळूच म्हणाली, बंद करायचं ते करा, त्याआधी एकदा आमच्या माडीवरून जा. मी शब्द दिला. झालं. शब्द दिला आणि आभाळानं कडी लावली.

माघात लग्न आलं. वऱ्हाड आदल्या दिवशीच कल्याणला जाऊन उतरलं, कारण ठाण्याहून मी वेळेवर पोचेन यावर माझ्या भिमाआत्याचा विश्वास नव्हता. संध्याकाळी हळद लागली. हळद लागलेल्या नवऱ्यानं एकटं फिरायचं नाही, वेस ओलांडायची नाही आणि लिंबू टोचलेली सुरी अंगावेगळी करायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. आत्यानं सुरी माझ्या कमरेला स्वतः खोचली. हातभर लांब, लोखंडी, तिच्या बापाच्या वेळची.

"बाला, ही सोरू नको. तुला ओली हलद हाय. कोन पन येल नं गोर बोलून सुरी टाकाला सांगल. टाकू नको."

मी म्हटलं, आत्या, मी विमान चालवतो. ती म्हणाली, मंग वर तर जास्त असतील.

दुसऱ्या दिवशी उजाडताना खिडकीवर टकटक झाली. बाहेर रुसी, आणि रुसीच्या डोक्यावर आभाळात चक्क निळा तुकडा. रुसी म्हणाला, "डिकरा, आज नाय तर कधीच नाय." मुहूर्त दुपारचा. मी पिवळ्या अंगावर कोट चढवला आणि मांडवाच्या मागून निसटलो.

शेडपाशी रुसीनं माझ्या कमरेकडे बघून विचारलं, लिंबू वर बसून खाणार काय? मी सीटवर बसलो, पट्टे आवळले, तर सुरीची मूठ पोटात टोचायला लागली. काढून गुडघ्यांच्या पुढं, होकायंत्राच्या कडेला असलेल्या फटीत खोचून ठेवली. आता बघा — तिथं रुसीनं साधा पाना ठेवला असता तरी मी त्याला शिव्या घातल्या असत्या. लोखंड जवळ आलं की होकायंत्र वेडं होतं, हा आमचा पहिला धडा. पण सुरी म्हणजे लोखंड, हे डोक्यात आलंच नाही. ती लग्नातली वस्तू होती.

रुसीनं पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, म्हशी उठल्या आणि मी वर.

कल्याणपर्यंत झकास. खाडी दिसली, तलाव दिसला, पारनाक्याची कौलं दिसली. माडीवर एक पिवळं पातळ उभं होतं. मी पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले. तिनं हात वर केला. शब्द पाळला म्हणून मी एवढा फुगलो की आणखी एक चक्कर मारली. ती चक्कर नडली. मान वळवून पाहिलं तेव्हा खालून धुकं आलेलं, वरचा निळा तुकडा मिटलेला, आणि दोन्ही एकमेकांना मिळत होते. मध्ये मी.

मग काही दिसेना. स्वतःच्या पंखाची टोकं दिसेनात. अशा वेळी एकच करायचं असतं — होकायंत्र सांगेल तिकडं नाकासमोर जायचं. नेवाळी आग्नेयेला. मी काटा आग्नेयेला धरला आणि गेलो. पट्टी यायला हवी होती... आली नाही. वारा समोरून असेल म्हटलं. आणखी गेलो. अंगावरची हळद थंडीनं ताणायला लागली. खाली उतरावं तर खाली काय आहे ठाऊक नाही, वर जावं तर ढग किती जाड ते ठाऊक नाही. आणि त्या बाजूला मलंगगड आहे, त्याचं डोकं आज ढगात आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. पण मलंगगड उजवीकडे राहायला हवा. होकायंत्र तसंच म्हणत होतं.

तेव्हा कानात कुणीतरी श्वास घेतला.

इंजिन नाही, वारा नाही. श्वास. पुढच्या सीटकडे पाहिलं — रिकामी. पट्टे बांधलेले, जसे रुसीनं बांधले होते तसे. आणि टोपीतून, अगदी शांत, एका बाईचा आवाज.

"दादूस, ती सुरी टाक."

तरुण आवाज. आमच्या बोलीतला. मी आयुष्यात घाबरलो नाही असं नेहमी सांगतो, ते बाजूला ठेवा. माझी पहिली हालचाल काय झाली असेल? पत्ता विचारणारा मी, मी ती सुरी मुठीत घट्ट धरली. आत्यानं सांगितलं तेच घडत होतं. गोड बोलून सुरी टाकायला सांगेल. टाकू नको.

"दादूस. टाक."

आवाज चढलेला नव्हता. गोडही नव्हता. घाईत असलेल्या माणसाचा होता. हे मला आजही सांगता येत नाही — का टाकली. हात वर गेला आणि सुरी लिंबासकट बाहेरच्या पांढऱ्यात गेली.

आणि गुडघ्यांपुढं होकायंत्राचा काटा सावकाश, झोपेतून उठल्यासारखा, फिरायला लागला. फिरला, आणखी फिरला आणि थांबला. मी आग्नेयेला नव्हतोच. मी सरळ दक्षिणेकडे, मलंगगडाच्या छातीवर चाललो होतो.

मी सगळा जीव लावून डावीकडे वळवलं. विमान आडवं झालं. आणि उजव्या पंखाच्या बाजूनं धुक्यात काळं काहीतरी उगवलं — कडा. ओला, खडबडीत, त्याच्या भेगेतलं गवत दिसावं इतका जवळ. तो कडा माझ्या शेजारून निघून गेला. मी अजून श्वास घेतला नव्हता, तेव्हा कानात पुन्हा :

"आता येऊ मी?"

हा प्रश्न ऐकून तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मी म्हटलं, "ये."

त्यापुढं टोपीत नुसता वारा. काटा आता खरं बोलत होता. कडा कुठला ते ओळखलं होतं, तिथून पट्टीची दिशा पाठ होती. धुकं उतरलं तर जळकं तेल पेटवायचं, हे रुसीचं-माझं ठरलेलं. बऱ्याच वेळानं खाली शेंदरी डाग दिसला. त्याच्याशेजारी, पट्टीवर कमी आणि एका शेतात जास्त, असा मी उतरलो.

रुसी धावत आला. मी आधी पुढच्या सीटमधली नळी बघ म्हणून ओरडलो. त्यानं बघितलं. म्हणाला, काय बघू? वारा शिट्टी मारतो म्हणून या तोंडात मीच काल चिंधी कोंबली. चिंधी तिथंच होती, दोघांना ओढून काढावी लागली. सगळं ऐकल्यावर त्याचं म्हणणं पडलं की सुरीची चूक माझ्याच डोक्यानं ओळखली आणि माझ्याच डोक्यानं मला सांगितली. असेल. पण माझं डोकं मला दादूस कशाला म्हणेल? आमच्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. मला बहीण नाही. चुलत बहीण सखू मला भाऊ म्हणते.

मुहूर्ताला पोचलो. तोंडावर हळद, तिच्यावर इंजिनाचं तेल. आत्यानं रिकामी कंबर पाहिली आणि स्वयंपाकघरातली विळी काढून हातात दिली. अंतरपाट धरला. करवली म्हणून सखूनं कलश घेऊन माझ्या बरोबर मागं उभं राहायचं होतं. ती बाजूला जाऊन उभी. आत्यानं दोनदा खुणावलं, तिसऱ्यांदा दटावलं. तेव्हा सखू रडवेली होऊन पुटपुटली, "मागं जागा नाय."

अक्षता पडल्या. विमान मी सोडलं, रुसीनं माझा वाटा घेतला, आणि सासरे शेवटपर्यंत समजत राहिले की त्यांच्या अटीमुळे.

आईला बऱ्याच वर्षांनी हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. माझ्यानंतर घरात आणखी एखादं मूल होऊन गेलं का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

लग्नाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. ठाण्याला आलात तर दाखवीन, थाप नाही. मांडव खच्चून भरलेला, माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावताहेत, सखू कलश घेऊन तिरकी उभी. आणि बरोबर माझ्या मागं, एवढ्या गर्दीत, एका माणसापुरती जागा मोकळी. कुणी नाही तिथं. नुसती जागा.

उलगडा मला झालेला नाही, रुसीचा मला पटलेला नाही. पण भाऊबीजेला कुसुम माझ्यासमोर एक पाट जास्त मांडते, त्याच्यापुढं निरांजनाचं ताट ठेवते. मी दरवर्षी तिची चेष्टा करतो. आणि ओवाळणी टाकल्याशिवाय उठत नाही.