आभाळातल्या दगडाचे माहेर

टेंभुर्णीहून सकाळच्या एसटीने निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत काळा दगड. "हा आभाळातून पडला, मी पडताना पाहिला," असे माझी बायको गयाबाई मरेपर्यंत सांगायची. गावाने तिचे नावच आभाळवाली ठेवले. तिच्या तेरवीला (तेराव्याच्या जेवणाला) पुतण्या बुंदी चावत म्हणाला, "आभाळवाली गेली आभाळात." पंगत हसली. फार हुशार माणसे आमची. म्हटलं, जालन्याला जाऊन खरे-खोटे करूनच येतो.

कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली. "बाबा, तुम्हाला तिकीट माफ. याला न्हाई."

"तो फुकटच आलाय," मी म्हणालो.

राजूरला उतरून भजे खाल्ले. भजे कमी, तेल जास्त. शेजारच्या बाईने दगडाची हकीकत ऐकली आणि त्याला कुंकू लावून हात जोडले. समोर गणपती बसलेला, पण बाईला माझ्या दगडाची घाई.

जालन्यात कॉलेजातल्या, दगडांच्या जाणकार म्याडम भेटल्या. त्यांनी चुंबक लावले, चिकटले. मी छाती फुगवली.

"काका, चुंबक तुमच्या शेतातल्या काळ्या दगडालाही लागतं," त्या म्हणाल्या आणि कोपरा घासला. आत भोकेच भोके. "आभाळातल्या दगडाला वरून पातळ जळकी साल असते. आत अशी भोकं नसतात. ही इथल्या, जालन्याच्या सळयांच्या भट्टीतली मळी (लोखंड वितळताना वर येणारी घाण). रस्त्याच्या भरावात टाकतात."

म्हणजे दगड जालन्याचाच. मी भाड्यावाचून त्याला माहेर दाखवायला आणले होते.

"पण काकूंनी पाहिलं काय?"

ते मला पाठ. "दिवेलागणीला अंगणात भाकरी करू राह्यली होती. हिरवा उजेड आला, गेला. तिनं भाकरी उलटली, फुगवली, उतरवली. मंग गडगडलं. ढग न्हाई, काही न्हाई. सकाळी बांधावर हा सापडला."

म्याडम घासायच्या थांबल्या. "आवाज इतक्या उशिरा?"

"भाकरी होईस्तोवर."

"मग पडलं असणार काहीतरी. बनवून सांगणारे उजेड आणि आवाज एकदमच सांगतात. खरा आवाज लांबून, मागून पोचतो. काकूंनी दगड चुकीचा उचलला. पाहिलं ते बराबर."

मी पाणी मागितले. प्यालो, परत मागितले.

येताना राजूरच्या भजेवाल्याला दगड देऊन टाकला. त्याचे कागद उडत होते.

गावात पुतण्या पारावरच होता. "काका, निघाला का आभाळाचा?"

"भट्टीचा निघाला."

तो हसला. मी हसू दिले. ही गोष्ट ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता सांगणारी गेली आणि सगळी पाठ असलेला मी एकटा उरलो.

"खाली बस," मी म्हणालो. "तुझी काकू भाकरी करत होती, तिथून सांगतो."